खोट्या मशीनवर एकही बोट तुटलं नाही

लाइट आली आणि प्रेस खाली आला.

घडलं ते एवढंच. पण एवढंच सांगितलं तर कुणाला काही कळणार नाही, म्हणून थोडं मागे जाऊ. लाइट जायच्या आधी.

भोसरी, एकोणीसशे ब्याऐंशी. पत्र्याची शेड, आत पॉवर प्रेसची रांग. स्कूटरच्या दिव्यामागे जी पत्र्याची वाटी असते, ती इथे दाबून निघायची. वर जड स्लाइड, तिला लावलेला पंच, खाली डाय, मध्ये पत्रा. स्लाइड खाली आली की घाव, वर गेली की वाटी. शेवटच्या प्रेसवर सावळाराम मुंगसे. चाकणकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, तालमीत वाढलेला, मान खांद्यात रुतलेली.

त्याच्या प्रेसला नवी पेटी बसवली होती. पेटीत प्रोसेसर. बाहेर दोन हिरवी बटणं, हातभर अंतरावर. दोन्ही एकदम दाबली तरच प्रेस एक घाव घालणार आणि वर जाऊन थांबणार. दोन्ही हात बटणांवर असले की डायमध्ये एकही नसतो, असा त्यामागचा विचार. हिरव्यांच्या वर एक लाल बटण. ते रिसेटचं. काही बिनसलं तर दाबायचं, म्हणजे प्रोसेसर सगळं सोडून पहिल्यापासून सुरू होतो.

पेटीचा प्रोग्राम भीमराज ओव्हाळनं लिहिला होता. पिंपरीचा पोरगा, बाप औषधाच्या कारखान्यात पॅकिंगला, स्वतः डिप्लोमा झालेला. तोही तिथेच होता. पेटी कशी चालते ते बघायला आला होता आणि ती छान चालत होती.

घाव अर्ध्यात असताना लाइट गेली.

स्लाइड मध्येच थांबली. बाजूचं फ्लायव्हील मात्र गरगरत राहिलं. ते मोठं चाक करंट गेल्यावरही बराच वेळ फिरतं, पण करंटशिवाय क्लच धरत नाही, त्यामुळे त्याला कुणी भीत नव्हतं. उलट लाइट गेली की सगळी शेड सैल व्हायची. तंबाखू निघायची. फोरमन धोंडीबा नव्या माणसाला पहिल्याच दिवशी शिकवायचा, "करंट असताना मशीनपाशी जावयासारखं राहायचं. लांबून, मान देऊन. करंट गेला की मग घरातले. खुशाल हात घाला, पुसा, अडकलेलं काढा." पुण्याच्या साहेबाला हे ऐकून हसू आलं असतं, पण शेडमध्ये या नियमानं कुणाचं नखही गेलं नव्हतं.

सावळारामची वाटी वाकडी बसली होती. त्यानं उजवा हात घातला.

लाइट आली.

आवाज पत्र्याचा नव्हता. ओला ऊस चरकात गेल्यावर येतो तसा होता. सावळाराम ओरडला नाही. पत्र्याच्या दोन तुकड्यांमध्ये स्वतःची बोटं कशी दिसतात ते तो बघत राहिला. स्लाइड वर निघाली. मधलं आणि शेजारचं बोट गेलं होतं, उरलेला हात वाकलेल्या वाटीत अडकला होता. तेव्हा कुठे तो ओरडला.

"बंद कर! ओव्हाळ, बंद कर ते!" धोंडीबा.

भीमराजनं झेप घेतली आणि लाल बटण दाबलं.

स्लाइड क्षणभर अडखळली. वर गेली. थांबली नाही. पूर्ण वेगानं पुन्हा खाली आली.

*

पहिल्यापासून.

पुसलं गेलं: जमिनीवरचं रक्त. भुसा टाकून, मग रॉकेलनं.
उरलं: सावळारामच्या उजव्या हाताचा अंगठा. फक्त अंगठा.

कारखान्याचा शेठ खुर्चीत मागे रेलून भीमराजला म्हणाला, "तू ते कॉम्प्युटरवर तपासलं होतंस ना?"

"हो."

"किती वेळा?"

"खूप वेळा, शेठ."

"आणि?"

"दर वेळी स्लाइड वर."

पुण्यात एका संस्थेकडे कपाटाएवढा कॉम्प्युटर होता. त्याचा वेळ भाड्यानं मिळायचा. भीमराजनं त्यात एक प्रोसेसर बनवला होता, म्हणजे नसलेला प्रोसेसर, आणि त्याला जोडलेला नसलेला प्रेस. लोखंड नाही, तेल नाही, घामाचा वास नाही. नुसते आकडे. शेडमध्ये पेटी न्यायच्या आधी तो या खोट्या मशीनची लाइट घालवायचा. घाव सुरू होताना, अर्ध्यात असताना, संपत आल्यावर. मग आणायचा. खरा प्रेस इतक्या वेळा बंद-चालू करायला कुणी देत नाही. खोटा प्रेस तक्रार करत नाही. त्यात एक जागा त्यानं हातासाठीही ठेवली होती. हात बाहेर असला की तिथे शून्य, आत असला की एक. तो एकचा आकडा वर्षभर आत-बाहेर करत होता आणि त्याला कधी काही झालं नव्हतं.

"मग मिटलं," शेठ म्हणाला. "तुझे ते कागद वकिलाकडे दे. मशीन असं करूच शकत नाही. मुंगशानं एक हात मोकळा ठेवायला बटणाला पाचर मारली असणार. हे लोक मारतात, माहितीय तुला."

"मारतात. पण यानं मारली नव्हती. आणि शेठ, दुसऱ्यांदा तर बटण मीच दाबलं. माझ्या डोळ्यांदेखत आला खाली."

"डोळ्यांची छापील प्रत निघते का?"

"नाही."

"मग कॉम्प्युटरची दे."

*

पहिल्यापासून.

पुसलं गेलं: झोप.
उरलं: उसाचा आवाज.

भीमराज खोट्या मशीनसमोर बसला.

    घाव अर्ध्यात.
    हात आत.
    लाइट गेली.
    लाइट आली.
    स्लाइड वर.

    घाव अर्ध्यात.
    हात आत.
    लाइट गेली.
    लाइट आली.
    स्लाइड वर.

    घाव अर्ध्यात. हात आत. गेली. आली.
    वर.

    अर्ध्यात. आत. गेली. आली.
    आली ना? ये ना खाली. ये. ये की भडव्या.
    वर.

त्यानं टेबलावर मूठ आपटली, मग डोकं आपटलं. शेजारचा कारकून म्हणाला, "अहो, भाड्याचं आहे ते."

मशीन खोटं बोलत नव्हती. तिला जेवढं सांगितलं होतं तेवढं ती करत होती. आणि रिसेट म्हणजे काय हे तिला सांगितलं होतं भीमराजनं. त्याला रिसेट म्हणजे शाळेतली पाटी वाटायची. ओलं फडकं फिरवलं की कोरी. म्हणून खोट्या मशीनमध्ये त्यानं लिहिलं होतं: रिसेट झाला की सगळीकडे शून्य, म्हणजे घाव चालू नाही, स्लाइड वर.

खरा प्रोसेसर पाटी पुसत नाही. तो फक्त पहिल्या ओळीवर जाऊन उभा राहतो. आधीचं जे लिहिलेलं असतं ते तसंच. लाइट गेली की आठवण आपोआप पुसली जाते, ही गोष्ट वेगळी. पण या पेटीतली पुसली जात नव्हती, कारण तिला सेल होता. सेल का होता? तर लाइट गेली की वाट्यांची मोजणी शून्यावर यायची, अर्ध्या पाळीची मेहनत हवेत जायची, आणि एकदा चिडलेल्या माणसांनी पेटीवरच वाट्या फेकल्या होत्या. त्यात सावळाराम पुढे होता. तेव्हा भीमराजनं आठवणीला सेल जोडला. सगळे खूश झाले. धोंडीबानं पेढे आणले होते.

मोजणी टिकली. आणि आठवणीत मोजणीच्या शेजारच्या घरात एक साधा एकचा आकडा असायचा. त्याचा अर्थ: घाव चालू आहे. तोही टिकला.

लाइट आली, प्रोसेसर पहिल्या ओळीवर उभा राहिला, आठवणीत बघितलं: घाव चालू आहे. म्हणजे पुरा करायला हवा. लाल बटण दाबलं, पुन्हा पहिली ओळ, पुन्हा तोच एक. घाव चालू आहे. आणि त्यानं तो घाव पहिल्यापासून घातला.

भीमराजनं खोट्या मशीनमधलं फडकं काढून टाकलं. शेजारच्या घरात एक ठेवला.

    घाव अर्ध्यात.
    हात आत.
    लाइट गेली.
    लाइट आली.
    स्लाइड खाली.
    हात: आत.
    हात: आत.
    हात: आत.

हात तुटला हे छापायची सोय त्यानं केलीच नव्हती.

 मग त्यानं प्रोग्रामच्या सुरुवातीला एक ओळ टाकली. पहिल्या ओळीवर उभा राहिलास की शेजारचं घर आधी पुस, आणि दोन्ही हिरवी बटणं नव्यानं दाबली जाईपर्यंत जागचा हलू नकोस. खोटी मशीन पुन्हा चालवली. स्लाइड जिथल्या तिथे. पुन्हा. जिथल्या तिथे.

*

पहिल्यापासून.

पुसलं गेलं:

नाही, इथे काहीच पुसलं गेलं नाही. काम बंद होतं, शेड रिकामी होती, भीमराज आणि धोंडीबा दुरुस्त प्रोग्रामची नवी चिप पेटीत बसवत होते. धोंडीबानं मोटर चालू करून बघितली. फ्लायव्हील फिरायला लागलं. तेवढ्यात दारात टेम्पो थांबला. कांद्याचा टेम्पो, मागे अजून सालपटं उडत होती.

बबनराव मुंगसे उतरला. सावळारामचा थोरला भाऊ. त्याच्याबरोबर गावच्या तालमीतली दोन धिप्पाड माणसं. मागून सावळाराम, उजवा हात कोपरापर्यंत पांढऱ्या पट्टीत, गळ्यात अडकवलेला.

धोंडीबा पुढे झाला. "या बबनराव, बसा. शेठ नाहीत, मी..."

बबनरावनं त्याच्या तोंडावर हात टाकला. उघडा तळवा, पण धोंडीबा पत्र्याच्या थप्पीवर जाऊन आपटला, भुवई फाटली, डोळ्यात रक्त उतरलं. "तुजंच ना त्ये? लाइट गेली का घाल हात? जावई न् घरातले? लई इनोदी हायस म्हातारा."

"असं चालत आलंय, बबनराव. वीस वर्सं..."

दुसरी बसली. धोंडीबा खालीच बसला.

मग भीमराज. त्या दोघांनी त्याला कॉलरला धरून शर्ट फाटेपर्यंत ओढला. एकानं पोटात गुडघा घातला. एक म्हणाला, "ह्योच का सायेब? मला वाटलं कुनी मोठा आसंल. ह्यो तर आपल्या पिंपरीतला." दुसरा म्हणाला, "शिकलाय की पन. बोटं मोजाय शिकलाय." दोघं हसले. पुढची लाथ बरगडीवर बसली आणि आत काहीतरी कडकन मोडल्यासारखं झालं.

"थांबा," बबनराव म्हणाला. "बोलाय तर पायजे ना." तो भीमराजसमोर उकिडवा बसला. "तुजा शेठ म्हनतो मशीन चुकत न्हाई. माज्या भावानं पाचर मारली म्हनतो. व्हय?"

"शेठ खोटं बोलतो." भीमराजच्या दातांत रक्त होतं. "सावळारामची काही चूक नाही. चूक माझी. मी वकिलाला तसं लिहून देणारय."

"आसं." बबनरावनं मान हलवली. मग त्याच्या कानशिलात दिली. "चूक तुजी. मग बोटं कुनाची?"

भीमराजनं तोंडातलं रक्त थुंकलं.

"आन् आता काय चाललं हुतं हितं?"

"दुरुस्त केलीय. पुन्हा असं होणार नाही."

"कशावरनं?"

"तपासलंय."

"कुटं?"

"पुण्याला. कॉम्प्युटरवर. त्यात हीच मशीन बनवलीय, म्हणजे हिच्यासारखी..."

"तितं हात कुनाचा हुता?"

"कुणाचा नाही. आकडा होता."

बबनराव उठला. मनगट झटकलं. "आज तुजा घाल."

दोघांनी त्याला प्रेसपाशी नेलं आणि उजवा हात कोपराशी आवळून डायमध्ये धरला. डाय गार होती. पंच वर दिसत होता, कडेला धुतल्यावरही काळं काहीतरी राहिलेला. धोंडीबाला मेन स्विचपाशी उभं केलं.

"पाड."

धोंडीबानं स्विच पाडला. फ्लायव्हील फिरत राहिलं.

"वढ वर."

भीमराजनं डोळे मिटले नाहीत. तो मनात प्रोग्राम म्हणत होता, ओळ न् ओळ. त्याला भीती ओळींची नव्हती. खोट्या मशीनमध्ये घाण, म्हणजे आठवणीत उरलेले जुने आकडे, किती टाकायची ते त्यानंच ठरवलं होतं. त्याला जेवढी सुचली तेवढी. न सुचलेली घाण खऱ्या पेटीत कुठे बसलीय, हे त्याला कोण सांगणार होतं?

लाइट आली. प्रेस हलला नाही.

"लाल दाब," बबनराव म्हणाला. एकानं लाल दाबलं. हलला नाही. पुन्हा दाबलं. नाही.

"आसं न्हाई."

सावळाराम बोलला. आल्यापासून पहिल्यांदाच. आवाज बसलेला. "घाव निम्म्यात हुता तवा गेली हुती. निम्म्यात आना."

त्यांनी भीमराजचा हात बाहेर ओढला. घाव सुरू करायला दोन हिरवी बटणं, दोन हात. सावळाराम सवयीनं पुढे झाला, डावा तळवा डाव्या बटणावर ठेवला, उजव्या बटणाकडे बघितलं आणि तसाच उभा राहिला. पट्टीच्या आत खांदा हलला. मग बबनरावनं त्याच्या शेजारी येऊन आपला हात तिथे ठेवला. दोघांनी एकदम दाबलं. स्लाइड निघाली, आणि बबनराव ओरडला, "पाड!"

धोंडीबानं पाडला. स्लाइड निम्म्यात थांबली. पंच आणि डाय यांच्यात आता फक्त हातापुरती जागा.

हात पुन्हा आत घातला.

"काका," भीमराज धोंडीबाला म्हणाला. त्याला काय म्हणायचं होतं ते त्यालाही ठाऊक नव्हतं. त्याची पँट ओली झाली होती.

"वढ."

लाइट

लाइट आली.

प्रेस हलला नाही. पेटीवर पिवळा दिवा लागला. त्याचा अर्थ: हुकमाची वाट बघतोय. खरं लोखंड, खरं फिरतं चाक, खरा हात, आणि प्रोसेसर पहिल्या ओळीवर उभा राहून शेजारचं घर पुसून गप्प बसला होता.

भीमराज हसला.

त्याला हसायचं नव्हतं. पण ते छातीतून वर आलं, मोडल्या बरगडीसकट. "चाललं! काका, बघा, चाललं! निम्म्यात होता तरी नाही आला! बबनराव, बघा तुम्ही, नाही आला!" फुटक्या ओठांनी, डोळ्यांत पाणी, हात अजून डायमध्येच. लहान पोराचं भिरभिरं पहिल्यांदा फिरलं की पोर नाचतं, तसा तो जागच्या जागी नाचत होता.

धरणारे दोघंही जरा सैलावले. बबनरावनं धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. "झालं. सुदरलंय खरं. सोडा रे त्याला. सावळ्या, चल."

सावळाराम हलला नाही. तो भीमराजच्या तोंडाकडे बघत होता.

"त्या दिशी लाल बटान का दाबलंस?"

भीमराजचं हसू पुरतं गेलं नव्हतं. "मला वाटलं वर जाऊन थांबेल."

"कुनी सांगितलं?"

"खोट्या मशीननं."

"आन् आता बरं वाटतंय तुला."

तो प्रश्न नव्हता. सावळारामनं डावा तळवा हिरव्या बटणावर ठेवला आणि भावाकडे बघितलं.

"सावळ्या," बबनराव म्हणाला. "न्हाई. नुसतं भ्या दावायचं ठरलं हुतं."

"दाब दादा."

"आरं, सुदारलं की त्येनं. चूक बी कबूल केली. लिहून देतो म्हनतो."

"मला दोन हात आस्ते तर तुला म्हनलो नस्तो." सावळारामच्या गळ्याच्या शिरा तटतटल्या. "येकच हाय. दाब. का भाऊ न्हाई तू माजा?"

भीमराजला आता कळलं. तो ओढायला लागला. पण तालमीतल्या दोघांना सवयीनं एवढंच कळलं की धरलेला माणूस ओढतोय, आणि पकड पुन्हा घट्ट झाली. धोंडीबा मेन स्विचपाशी होता. त्याच्या डोळ्यांत रक्त होतं, हात वर होता, आणि तो भावाभावांकडे तोंड उघडून बघत राहिला.

बबनरावनं बटणावर हात ठेवला.  

निम्म्यात थांबलेल्या प्रेसला पुढे जायला दोन्ही बटणं नव्यानं दाबली जायला हवीत, असं भीमराजनंच लिहिलं होतं. दोन तळवे एकदम पडले. पेटीला दोन हात दिसले. ते एकाच माणसाचे असतात असं तिला वाटायचं कारण नव्हतं, आणि नाही असंही.

स्लाइड खाली आली.

*

पहिल्यापासून नाही. तिथूनच पुढे.

धरणारे दोघं पळाले. एकाच्या शर्टावर, दाढीवर सगळं उडालं होतं, तो पळताना तोंड पुसत ओरडत होता. बबनराव टेम्पोपाशी जाऊन बसला, जमिनीवर, आणि दोन्ही हातांनी स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यायला लागला. धोंडीबानं आता स्विच पाडला.

भीमराज खाली पडला होता. चार बोटं डायमध्ये होती, तो बाहेर. त्याच्या तोंडातून हवा जात होती पण आवाज निघत नव्हता.

सावळाराम त्याच्याजवळ गुडघ्यांवर बसला. गळ्यातलं उपरणं दातांनी सोडवलं, डाव्या हातानं भीमराजच्या मनगटाला गुंडाळलं, एक टोक दातांत धरून करकचून ओढलं. गाठ सुटली. त्यानं शिवी दिली, पुन्हा बांधली, या वेळी स्वतःचा गुडघा भीमराजच्या हातावर ठेवून. ती बसली.

"वर धर," तो म्हणाला. "खाली सोडू नगो. खाली सोडला का लई ठणकतं."

भीमराजचा हात घसरत होता. सावळारामनं तो आपल्या खांद्यावर घेतला.

"दादा! टेम्पो चालू कर!"

बबनराव उठेना. सावळारामनं भीमराजला काखेत धरून ओढत दारापर्यंत आणलं, कांद्याच्या सालपटांत चढवलं, स्वतः मागे बसला आणि तो हात पुन्हा वर धरला. टेम्पोच्या बाजूला लाथ घातली. धोंडीबा स्टिअरिंगवर बसला. त्याला चालवायला येत होतं की नाही कुणी विचारलं नाही.

पहिल्या खड्ड्याला भीमराज किंचाळला.

"व्हय," सावळाराम म्हणाला. "आजून चार खड्डं हायती. मग डांबरी लागंल."